बागेतल्या रेल्वेचा फलाट: आधी पाया, मग कड

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळ घरामागे मोकळी जागा आहे, जमीन काळी. जर्मनीहून आणलेले ४५ मि.मी. गेजचे (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं) पितळी रूळ आणि १:२२.५ प्रमाणातले, खऱ्याच्या साडेबावीसाव्या हिश्शाचे छोटे डबे आहेत. रुळांचा वेढा घालून झालाय, गाडी धावतेय. आता माथेरानच्या धर्तीवर एक स्टेशन करायचंय. फलाट किती उंच, रुळापासून किती लांब, किती लांबीचा, कशाचा करावा, आणि पावसाळ्यात तो टिकेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी मापं त्यावर उभी आहेत. टिकेल, पण फलाट आणि रूळ एकाच पायावर असतील तरच. बहुतेक जण रूळ आधी घालतात, मग त्याच्या शेजारी चार विटा मांडून, वर गिलावा मारून फलाट करतात. पहिल्या दिवशी ते अगदी छान दिसतं. पण रूळ खडीवर आहे, फलाट मातीवर आहे, आणि दोघं आपापल्या मर्जीने हलणार. फलाटाच्या कडेची फट चार-पाच मिलिमीटरची असते. तेवढं हलायला एक पावसाळा पुरतो.

या छंदावरची बहुतेक पुस्तकं इंग्लंड, जर्मनी नाहीतर अमेरिकेतल्या बागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. तिथली मोठी चिंता म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी गोठून काँक्रीट तडकणं. नाशिकला थंडी कितीही पडली तरी त्या धाकाने पाया खोल न्यायची गरज नाही. आपला शत्रू काळी माती. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मे महिन्यांत आकसून बोट जाईल इतक्या भेगा पाडते. या मातीत घराच्या कंपाउंडच्या भिंती वाकतात, तिथे आपल्या फलाटाची काय कथा! माझ्या ओळखीच्या एका बागेत रूळ जागच्या जागी राहिला आणि शेजारचा विटांचा फलाट एका टोकाला इतका उचलला गेला, की डब्यांच्या पायऱ्या त्यावर घासायला लागल्या. मालकाला आधी वाटलं, डब्याचा आस वाकलाय.

म्हणून स्टेशनच्या लांबीपुरता घातलेला रूळ काढा. जिवावर येईल, पण काढा. फलाट आणि रूळ मिळून जेवढी रुंदी होते त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी १५ सें.मी. धरून ३० ते ४० सें.मी. खोल काळी माती उपसून टाका. तिथे मुरूम भरा, पण एकदम नाही. १० सें.मी.चा एक थर, त्यावर पाणी, मग धुम्मस, मग पुढचा थर. मुरूम नीट बसला की त्यावर ८ सें.मी. जाडीचा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा एकसंध कोबा घाला आणि त्यात ८ मि.मी.च्या सळ्यांची नाहीतर वेल्डमेशची जाळी टाका. साध्या कोब्याला जाळी कशाला, असं गवंडी विचारेलच. त्याला सांगा, खालची माती हलली तरी फलाट आणि रूळ दोघं मिळून हलले पाहिजेत, मध्येच तुटून वेगळे व्हायला नकोत. सगळं स्टेशन दोन मिलिमीटर कललं तरी चालतं. रूळ आणि कड यांच्यातलं अंतर बदललेलं चालत नाही.

लांबी चार-पाच मीटरच्या पुढे जात असेल, तर कोबा दोन तुकड्यांत घाला आणि मधला सांधा वर फलाटातूनही आरपार न्या. खाली सांधा आणि वर अखंड गिलावा असं केलंत, तर तडा बरोब्बर तिथेच येईल आणि वेडावाकडा येईल.

कोबा ओला असतानाच रुळाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंद चर पाडून ठेवा, मध्यापासून दोन्ही टोकांकडे दर मीटरला १ सें.मी. उतार देऊन. हे नंतर करता येत नाही. फलाट बांधला की त्याची कड आणि पलीकडचा बांध यांच्यामध्ये रूळ म्हणजे एक नाली होते, आणि वळवाच्या पहिल्या सरीत ती काठोकाठ भरते. पाणी साचलं की खडीत गाळ बसतो, गाळात गवत उगवतं, आणि रुळातून वीज देत असाल तर सांध्यांवर हिरवट थर चढून गाडी अडखळायला लागते. पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाशी पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि त्यावर जाळी बसवा. जाळी नसेल तर बेडूक त्याला घर समजतात. खरी माथेरानची गाडी १९०७ सालची, पण २००५ आणि २०१९ सालच्या पावसाने मार्ग वाहून जाऊन तीही दीर्घकाळ बंद पडली होती. पाण्याला वाट ठेवा, नाहीतर ते आपली वाट स्वतः काढतं.

कोब्यावर निदान आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा. घाई नसेल तर माझा आग्रह असा, की दिवाळीनंतर कोबा घाला, रूळ परत बसवा, आणि एक पावसाळा फलाटाविनाच गाडी चालवा. पाया कुठे बसतो, पाणी कुठे तुंबतं, हे जूनमध्ये आपोआप कळतं. फलाट पुढच्या थंडीत. पण एवढा धीर फार थोड्यांना असतो, हेही मला ठाऊक आहे.

आता रूळ परत बसवताना. पितळ उन्हात वाढतं. नाशिकची जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार धरली, तर रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने ४ मीटर रुळाची लांबी जवळजवळ ४ मि.मी. बदलते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोन्ही टोकं स्क्रूने आवळलेली असतील, तर ते ४ मि.मी. सामावून घ्यायला रूळ मध्ये कित्येक सेंटिमीटर बाजूला फुगू पाहतो, आणि बाजूला तुमच्या फलाटाची कड असते. म्हणून स्टेशनच्या बरोबर मध्यावर एकाच ठिकाणी स्लीपर (रुळाखालची आडवी पट्टी) कोब्याला पक्का करा. बाकीचे स्लीपर लांबट भोकांतून स्क्रू घालून असे धरा, की बाजूला हलणार नाहीत पण लांबीच्या दिशेने सरकतील. वाढीसाठीचे मोकळे सांधे फलाटाच्या दोन्ही टोकांच्या बाहेर ठेवा. वायरीही त्या सांध्यांच्या आत-बाहेर ढिल्या सोडा.

स्टेशनातला रूळ लांबीच्या दिशेने अगदी सपाट हवा. माथेरानच्या घाटात १:२० पर्यंत चढ आहेत म्हणून बागेत चढ घालायची हौस असते, ती खुशाल भागवा, पण स्टेशनच्या बाहेर. आपल्या डब्यांना ब्रेक नसतात. इंजिन सोडवलं की चांगल्या आसांचे डबे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उतारावरूनही चालू लागतात. मीटरभर लांबीच्या पाणसळीवर विश्वास ठेवू नका, पाणी भरलेला लेव्हल पाइप वापरा. कोणत्याही गवंड्याकडे असतो.

लांबी किती? खऱ्या फलाटाची लांबी १:२२.५ ने भागून उत्तर काढायला जाल तर अख्खी बाग फलाटच होईल. तुम्ही रोज जी गाडी चालवता तिची लांबी मोजा, त्यात अर्ध्या डब्याची भर घाला. झालं. इंजिन फलाटाच्या पुढे उभं राहिलं तरी बिघडत नाही, छोट्या स्टेशनांवर तसं होतंच. टोकांचा उतार या लांबीच्या बाहेर धरा. भारतीय रेल्वेत तो १:६ पेक्षा तीव्र नसतो, म्हणजे १० मि.मी. उंचीच्या फलाटाला ६० मि.मी.चा उतार. सरळ उभं कापलेलं टोक भारतीय डोळ्याला लगेच खटकतं.

फलाट सरळ रुळावर घ्यायचा की वळणावर? वळणावरचा फलाट देखणा दिसतो, यात वाद नाही. पण त्याची किंमत मोजायची तयारी हवी. बोगीचा डबा (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याच्या दोन्ही टोकांखालचे वळणारे चाकांचे गाडे) वळणावर उभा असतो तेव्हा त्याचा मध्य आतल्या बाजूला झुकतो आणि दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला निघतात. किती, ते काढायचा हिशेब सोपा आहे. दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, त्रिज्येच्या आठपटीने भागा. हा झाला मध्याचा झुकाव. डब्याच्या पूर्ण लांबीच्या वर्गातून बोगींच्या अंतराचा वर्ग वजा करा, तेवढ्यानेच भागा. हा झाला टोकांचा. समजा डबा ४८० मि.मी. लांब, बोगींमधलं अंतर ३२० मि.मी. आणि वळणाची त्रिज्या १.२ मीटर. मध्य १०.७ मि.मी. आत येतो, टोकं १३.३ मि.मी. बाहेर जातात. त्रिज्या दुप्पट केली की दोन्ही आकडे निम्मे. म्हणजे १.२ मीटरच्या वळणावर फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असला, तर सरळ रुळावरच्या फटीत आणखी ११ मि.मी. घालावे लागतात. मग डबा थांबल्यावर त्याची टोकं फलाटापासून इतकी लांब दिसतात, की तुमच्या ७३ मि.मी.च्या प्रवाशाला उडी मारावी लागेल. (१६५ सें.मी. उंचीचा माणूस १:२२.५ मध्ये ७३ मि.मी. होतो. १:१९ ची माणसं सुबक मिळतात, पण ती ८७ मि.मी.ची असतात आणि तुमच्या डब्याशेजारी राक्षस दिसतात. दोन्ही प्रमाणं एकाच फलाटावर उभी करू नका.)

माझं मत विचाराल तर ३ मीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणावर फलाट घेऊ नये. सरळ रुळावर घेतलात तरी वळण संपल्यासंपल्या तो सुरू करू नका. डब्याची मागची बोगी अजून वळणावर असते तेव्हा त्याचं शरीर तिरकंच असतं. वळण आणि फलाटाचं टोक यांच्यात निदान एक डबाभर सरळ रूळ हवा.

हिशेब कागदावर ठीक आहे, पण कडेची रेषा मी हिशेबाने आखत नाही. सर्वांत रुंद डबा घ्या. त्याच्या एका कुशीला, मध्यावर आणि दोन्ही टोकांना, सर्वांत बाहेर आलेल्या भागाशी पेन्सिलींचे तुकडे रबरबँडने बांधा, टोकं खाली करून. रुळाशेजारी पुठ्ठा नाहीतर सनबोर्ड फलाटाच्या उंचीवर पक्का मांडा आणि डबा हाताने सावकाश ढकलत न्या. पेन्सिलींनी उठलेली सर्वांत बाहेरची रेषा म्हणजे तुमच्या गाडीची खरी हद्द. त्या रेषेपासून ४ मि.मी. बाहेर फलाटाची कड. त्याहून कमी ठेवू नका, कारण चाकांच्या कडा आणि रूळ यांच्यात मोकळीक असते आणि वेगात डबा झुलतो. सात-आठ मि.मी.च्या पुढे गेलात तर फट डोळ्यांना खुपते. हेच काम इंजिनाचंही करून पाहा. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर, बाहेरच्या चौकटीचे क्रँक, पायऱ्या हे सगळं खाली असतं आणि बुटक्या फलाटाला नेमकं तेच घासतं. डबा निर्धास्त जातो आणि इंजिन अडकतं, हे वारंवार दिसतं. पुढे कधी मोठं इंजिन घ्यायचा विचार असेल, तर ज्याच्याकडे ते आहे त्याचं एक दिवस मागून आणा आणि आत्ताच फिरवून पाहा.

उंचीचं उत्तर तुम्ही कोणतं स्टेशन करताय त्यावर आहे. ब्रॉडगेजचे उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मि.मी. असतात. मुंबईच्या लोकलसाठी तर ते ९०० च्या आसपास उचलले, गाडी आणि फलाट यांच्यातल्या पोकळीत माणसं पडत होती म्हणून. मधल्या उंचीचे ४५५ मि.मी.पर्यंत. १:२२.५ ने भागलं तर उंच फलाट ३४ ते ३७ मि.मी. आणि मधला २० मि.मी. येतो. पण तुम्हाला हवंय माथेरान, आणि नॅरोगेजच्या डोंगरी स्टेशनांची सगळी ऐट त्यांच्या बुटकेपणात आहे. तिथे प्रवासी पायरीवर पाय ठेवून, दांडीला धरून डब्यात चढतो. उंच फलाट घातलात की माथेरान राहत नाही, दादर होतं. रुळाच्या माथ्यापासून ८ ते १० मि.मी. एवढाच ठेवा. नियम एकच: फलाट डब्याच्या सर्वांत खालच्या पायरीपेक्षा वर जाता कामा नये. तुमच्या डब्याची पायरी मोजा, आकडा तिथे मिळेल. रूळ घासून, खडी भरून, काही काळाने पातळी थोडी बदलते, म्हणून पायरीपासून २ मि.मी. खालीच थांबा.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण कोणीतरी पाहुणा येऊन तुम्हाला ती ऐकवणारच. ४५ मि.मी. गेज १:२२.५ मध्ये मीटरगेज होतं, माथेरानची गाडी दोन फुटी, म्हणजे ६१० मि.मी.ची. काटेकोर दोन फुटी हवी असेल तर ३२ मि.मी.चे रूळ आणि १:१९ चे डबे, तिथे हिशेब अचूक जुळतो. तुमच्याच ४५ च्या रुळावर अचूक माथेरान करायचं तर डबे १:१३.५ ला बांधावे लागतील, आणि तो डबा उचलायला दोन हात लागतील. तुमचे डबे तयार आहेत, रूळ घातलेले आहेत. फलाट, बाक, माणसं, दिवे हे सगळं १:२२.५ ला धरा आणि पाहुण्याला चहा द्या.

फलाट कशाचा करावा, यावर माझं उत्तर तीन भागांत आहे, कारण पोट, कड आणि माथा यांना वेगवेगळा माल लागतो.

पोटाला काहीही चालतं. पुणे-नाशिककडे ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात ते हलके ब्लॉक करवतीने कापता येतात, कानशीने घासता येतात, वजनाला नगण्य. पण ते पाणी पितात आणि उघड्या कडा खवल्यांनी झडतात. तेव्हा पोटात वापरा, बाहेरून सिमेंटची घट्ट स्लरी आणि वॉटरप्रूफिंगचं द्रावण मारा, आणि कडेला मात्र कधीही नको. बुटक्या फलाटाला तसं पोट फारसं लागतच नाही, कोब्यावर थेट १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल पुरतो. लाकूड, प्लायवूड नको. मरीन प्लाय पाण्याला टिकेल एक वेळ, वाळवीला नाही टिकायचा.

कड सर्वांत महत्त्वाची, कारण नजर तिथे जाते आणि हातही तिथेच लागतो. शहाबादी किंवा कडप्प्याच्या पट्ट्या याला तोड नाही. फरशीवाल्याच्या दुकानामागे कटपीसचा ढीग असतो. तिथून तुकडे निवडा आणि त्याच्याच कटरवर २० मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापून घ्या. दगड ओला ठेवून कापायला सांगा आणि कापताना जवळ उभं राहणार असाल तर तोंडावर मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट. गुळगुळीत बाजू खाली, खडबडीत वर. ज्यांना ओतीव कड हवी त्यांनी ॲल्युमिनियमच्या दोन एल-पट्ट्या तेल लावून साचा करावा, चाळलेल्या बारीक वाळूचा १:२ माल त्यात ठासून भरावा, दुसऱ्या दिवशी सोडवून पाण्यात बुडवून ठेवावा. २५ सें.मी.पेक्षा लांब तुकडा करू नका, उचलताना मोडतो.

आणि ही कड पक्की चिकटवू नका. प्रत्येक तुकड्याखाली सिलिकॉन सीलंटचे दोन-तीन ठिपके पुरेत, दोन तुकड्यांमध्ये नखाएवढी फट. उद्या रुंद इंजिन आलं, रूळ जरा सरकला, एखादा तुकडा कुत्र्याने उडवला, तर बारीक तार फिरवून ठिपके कापायचे, तुकडा घासून किंवा मागे सारून परत बसवायचा. कडेच्या मागे माथ्याचा गिलावा करताना कडेला चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे दोन्ही एकजीव होणार नाहीत. फलाटाच्या बाबतीत एवढं एकच कुणी ऐकलं तरी मला पुरे. पाया रुळाशी जखडलेला हवा, कड मात्र सुटी.

प्लॅस्टिकची कड थ्रीडी प्रिंटरवर काढायचा मोह होईल. त्यात नेहमी वापरलं जाणारं पीएलए प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. फलाटाची कड लाटेसारखी वळलेली पाहायची नसेल, तर पीएलए बाहेर वापरू नका. एएसए हे उन्हाला टिकणारं प्लॅस्टिक चालेल.

माथ्याचे दोन प्रकार मी सुचवेन. पहिला फरशीचा. खरी दोन फुटी शहाबादी फरशी १:२२.५ मध्ये २७ मि.मी.चा चौकोन होते. माल थापून रंध्याने सपाट केला, की तो बोटाने दाबल्यावर खूण उमटेल पण बोटाला चिकटणार नाही, अशा वेळी स्टीलची पट्टी आणि बोथट सुरी घेऊन रेघा ओढायच्या. थंडीत याला दीड-दोन तास लागतात, उन्हाळ्यात अर्ध्या तासात वेळ निघून जाते, म्हणून हे काम सकाळी सावलीत करा आणि एका वेळी मीटरभरच माल टाका. काही चौकोन वाळल्यावर पातळ काळ्या-करड्या रंगाने वेगळे करा, सगळे एकसारखे असले की बाथरूम वाटतं.

दुसरा मुरमाचा, आणि माथेरानसाठी मला हाच आवडतो. तिथली माती जांभ्याची, लाल. तीच लाली स्टेशनवर, झाडांच्या बुंध्यांवर, चपलांवर सगळीकडे असते. लाल मुरूम बारीक चाळणीने चाळा, आठ भागांत एक भाग सिमेंट कोरडंच मिसळा, १० मि.मी. थर पसरून पट्टीने दाबा आणि फवाऱ्याने तुषार मारा. पाणी ओतलंत तर सिमेंट वर तरंगून राखाडी साय धरते आणि मातीचा रंग जातो. असा माथा थोडा झिजतो, दर दोन-तीन वर्षांनी वरून हात फिरवावा लागतो, पण दिसतो मात्र अस्सल. सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड कालवून तो रंग येत नाही. येतो तो कोब्याच्या ओट्याचा.

दोन्ही प्रकारांत उतार रुळापासून उलट दिशेला द्यायचा, खऱ्या फलाटासारखाच. ३५ सें.मी. रुंदीला ६-७ मि.मी. पुरे. मागच्या कडेला खडीचा हातभर पट्टा ठेवा. त्याने पाणी मुरतं आणि शेजारच्या वाफ्यातली माती पावसाच्या थेंबांनी उडून फलाटावर येत नाही.

रुळांत भरायला जी बारीक कच लागते ती स्टोन क्रशरवर मिळते. ३ ते ५ मि.मी.ची चाळून आणि धुऊन घ्या. न धुतलेल्या कचेतली भुकटी पावसात बसून सिमेंटसारखी घट्ट होते आणि पाण्याचे चर बुजवते. फलाटापाशी कच स्लीपरच्या माथ्याच्या वर येऊ देऊ नका.

शेवाळाबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. उत्तरेकडच्या, सावलीतल्या कडेवर पहिल्याच श्रावणात शेवाळ चढेल. भिंतीवर असू द्या, शंभर वर्षांचं स्टेशन वाटतं. माथ्यावर मात्र ते घसरडं आणि काळपट दिसतं. ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी ब्रशने लावा, रुळाच्या पितळावर पडू देऊ नका, आणि नंतर धुवा. दुसरी पीडा घुशीची. फलाटाच्या मागे मऊ माती असेल तर ती खालून पोखरते आणि एक दिवस अख्खा बाक आणि प्रवासी खाली जातात. खोदकामाच्या वेळीच मागच्या कडेला कोंबडीची जाळी उभी गाडून टाका.

दिव्यांची वायर आत्ताच विचारात घ्या, जरी दिवे दोन वर्षांनी लावणार असाल तरी. कड आणि माथा यांच्या खालून २० मि.मी.चा कंड्युट पाइप आडवा टाका, त्यातून नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवा, तोंडं बंद करा. १२ व्होल्टच्या पुढे बागेत जाऊ नका आणि ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवा.

स्टेशनची इमारत नेहमी रुळापासून लांबच्या बाजूला. घसरलेला डबा उचलायला हात कोपरापर्यंत आत जावा लागतो, आणि छपराचा पत्रा वाटेत आला की कधी छप्पर जातं, कधी शर्टाची बाही. दोन रुळांच्या मध्ये फलाट घेणार असाल तर तो निदान २० सें.मी. रुंद हवा. वाफेचं इंजिन कधी घेतलंत, तर ते पेटवायची जागा फलाटाशी ठेवू नका. सिलिंडरमधून गरम पाणी आणि तेल ठिबकतं, आणि सच्छिद्र शहाबादीवर तेलाचा डाग पडला की तो जात नाही.

नावाची पाटी पिवळी, अक्षरं काळी, फलाटाच्या दोन्ही टोकांना, येणाऱ्या गाडीला दिसेल अशी. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची पद्धत आहे. माथेरानचा आकडा उतरवू नका. स्टेशन तुमच्या बागेत आहे, नाव तुमचं द्या आणि उंचीही तुमच्याच जागेची लिहा, नाशिकच्या आसपास ती सहाशे मीटरच्या जवळ येईल, फोनवर पाहून घ्या. पाटी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगवून घ्या. छापील स्टिकर दोन उन्हाळ्यांत फिकट पडतो, आणि गावातला नंबरप्लेटवाला हे काम चांगलं करतो. खांब फलाटात सिमेंटने गाडू नका. पितळी नळीचा तुकडा गाडा आणि खांब त्यात नुसता उभा करा, म्हणजे वादळाआधी काढून घरात नेता येतो.